अर्धा किलो मातीचा भरवसा

माती परीक्षणाच्या माझ्या पहिल्या अहवालात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर दाखवले होते, म्हणून मी त्या हंगामात स्फुरदाची मात्रा निम्म्यावर आणली. पीक सुरुवातीपासूनच खुरटले आणि पानांवर जांभळट झाक आली, तेव्हा कुठे लक्षात आले की नमुन्याची बरीचशी माती मी पूर्वी शेणखताचा ढीग असलेल्या, बांधालगतच्या जागेतून उचलली होती. चूक सर्वस्वी माझीच होती.

एक हेक्टर शेताच्या वरच्या 15 सेंटिमीटर थराचे वजन ढोबळमानाने 22 लाख किलो भरते आणि त्याच्या वतीने प्रयोगशाळेत जाते ती अर्धा किलो माती. त्यामुळे हल्ली मी या कामाला अख्खी सकाळ देतो. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणचा काडीकचरा बाजूला सारायचा, व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, आतली माती फेकून द्यायची आणि खड्ड्याच्या एका कडेचा बोटभर जाडीचा काप वरपासून तळापर्यंत खुरप्याने तासून प्लास्टिकच्या घमेल्यात घ्यायचा. सगळी माती मिसळून ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. माती ओली असेल तर ती सावलीतच वाळवावी.

अहवाल आल्यावर मी आधी सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्ल-विम्लता) पाहतो. तो आठच्या पुढे असेल आणि जमीन चुनखडीयुक्त असेल, तर दिलेले स्फुरद कॅल्शियमशी बांधले जाते, म्हणून ते शेतभर विस्कटून न टाकता बियाण्याच्या खाली पेरून दिलेले बरे.

खताची निवड हा मात्र निव्वळ हिशेब आहे. हेक्टरी 100 किलो नत्र (नायट्रोजन), 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश (पोटॅश) अशी शिफारस असेल, तर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खताच्या 109 किलोंतून सगळे स्फुरद आणि शिवाय जवळपास 20 किलो नत्र मिळते. उरलेल्या 80 किलो नत्रासाठी 174 किलो युरिया पुरतो. डीएपीतले नत्र वजा करायचे राहिले, तर युरिया 217 किलोंवर जातो. पालाशासाठी 83 किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागते. गेल्या अहवालात गंधकही कमी निघाले, म्हणून मी डीएपीऐवजी 312 किलो सिंगल सुपर फॉस्फेट घेतले. ओझे जवळजवळ तिप्पट झाले, पण त्यातून हेक्टरी 34 किलो गंधक आयतेच मिळाले. सुपर फॉस्फेटमध्ये नत्र नसल्याने युरिया अर्थातच पुन्हा 217 किलो लागला आणि तो मी तीन हप्त्यांत विभागून दिला.