लेस्टरमध्ये व्हिक्टोरियन घर घेताना

प्रशस्त, जुन्या धाटणीचं, शहराच्या मध्यापासून जवळ, असं जाहिरातीत लिहिलं होतं आणि ते सगळं खरं निघालं. क्लॅरेंडन पार्क या वस्तीतल्या विटांच्या टेरेस घरांच्या, म्हणजे एकमेकांना भिंतीने जोडलेल्या घरांच्या, रांगेतलं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं घर. क्वीन्स रोडची दुकानं हाकेच्या अंतरावर, व्हिक्टोरिया पार्क ओलांडून स्टेशनला चालत जाता येतं. उंच छत, खाली-वर सरकणाऱ्या लाकडी खिडक्या. आम्हा दोघांनाही पाहताक्षणी आवडलं.

इंग्लंडमध्ये ऑफर मान्य झाली तरी कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज, म्हणजे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत कोणीच बांधील नसतं. विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो, म्हणून एजंट घाई करत राहतो. पण एवढ्या जुन्या घराची ओळख करून घ्यायला हाच काळ हाताशी असतो. बँकेचं मूल्यांकन तिच्या कर्जापुरतं असतं, म्हणून आम्ही वेगळे पैसे मोजून लेव्हल ३ सर्व्हे, म्हणजे घराची सगळ्यात सविस्तर तपासणी, करून घेतला. नव्याने घर घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन: इथे काटकसर नको.

सर्व्हेयरला स्वयंपाकघरात एक गोष्ट खटकली. जागा वाढवण्यासाठी तिथला चिमणीचा विटांचा उभा भाग कधीतरी काढला होता, वरच्या मजल्यावर मात्र तो तसाच होता. म्हणजे तेवढ्या विटांचं वजन कशावर पेललंय? अशा कामाला बिल्डिंग कंट्रोलची, म्हणजे बांधकाम नियमांप्रमाणे झालंय का हे तपासणाऱ्यांची, मंजुरी लागते आणि तिचा कागद विकणाऱ्याकडे नव्हता. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून छताचा थोडा भाग उघडला, तेव्हा आत पोलादी तुळई दिसली. तिची जाडी आणि टेकू पुरेसे आहेत असं त्याने लेखी दिलं, तेव्हाच आम्ही पुढे गेलो.

मग ओल. मागच्या भिंतीचा गिलावा खालून फुगला होता. ओल थांबवणारं रसायन भिंतीत टोचायचा सल्ला बरेच जण देतात, पण सर्व्हेयरने बाहेर नेऊन विटांमधल्या दरजा दाखवल्या. या भिंती भरीव, मधे पोकळी नसलेल्या, चुन्यात बांधलेल्या. आत शिरलेलं पाणी चुन्यातून सुकून जातं. नंतर कोणीतरी दरजांमध्ये सिमेंट भरलं आणि ती वाट बंद झाली. शिवाय अंगणाची फरशी इतकी उंचावली होती की लाकडी जमिनीखाली हवा नेणाऱ्या जाळीच्या विटा अर्ध्या बुजल्या होत्या. आमच्या आजोळच्या वाड्यालाही चुन्याचंच काम होतं, त्यामुळे हे मला लगेच पटलं.

वकिलाने तिसरी गोष्ट काढली. आमची एक बेडरूम शेजाऱ्यांबरोबरच्या सामाईक बोळावर येते आणि तिचा काही भाग त्यांच्या जमिनीवर आहे. याला फ्लाइंग फ्रीहोल्ड म्हणतात. कर्ज देणारे यावर नेमके प्रश्न विचारतात. दुरुस्तीसाठी आत येण्याचे हक्क जुन्या दस्तांत आहेत का, हे तपासण्यात बराच वेळ गेला.

सर्व्हेचा अहवाल पुढे ठेवून किंमत थोडी कमी करून घेतली. पहिलंच घर आणि किंमत ३ लाख पौंडांच्या आत, त्यामुळे स्टॅम्प ड्यूटी लागली नाही. एक्स्चेंजला किमतीचे १० टक्के भरले आणि त्याच दिवसापासून घराचा विमा आमच्या नावे सुरू केला, कारण तिथून जोखीम घेणाऱ्याची असते.

आता अंगणाची फरशी खाली घेतली आहे. सिमेंट खरवडून चुन्याने दरजा भरायचं काम एप्रिलनंतर करू, कारण ओल्या चुन्याला गोठवणारी थंडी सोसत नाही.