टीओव्ही सॉल्व्हर, अपडेट ४: क्वार्क ताऱ्याची कडा

टीओव्ही म्हणजे ताऱ्यातला दाब आणि गुरुत्वाकर्षण यांचा तोल सांगणारी समीकरणं. ती सोडवणारा माझा कोड मागच्या वेळेपर्यंत नुसत्या न्यूट्रॉन वायूचा तारा सोडवत होता, आता क्वार्क तारापण निघतोय, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्कचाच, अजून कागदावरचा तारा. पडताळायला ओपेनहायमर-व्होल्कॉफ यांचं १९३९ चं उत्तर घेतलं होतं, आदर्श न्यूट्रॉन वायूचा तारा सूर्याच्या ०.७ पटीच्या वर टिकत नाही, माझा आकडा ०.७१ आला तेव्हा कुठे जीवात जीव आला. अडत होतं केंद्रापाशी, त्रिज्या शून्य ठेवली की भागाकारच होत नाही, म्हणून आता १ सेंटीमीटरपासून सुरुवात करतो.

क्वार्कसाठी बॅग मॉडेल घेतलं, म्हणजे क्वार्क एका पिशवीत कोंडलेले मानायचे; त्या पिशवीची ऊर्जा-घनता, म्हणजे बॅग कॉन्स्टंट, दर घन फर्मीला ५७ एमईव्ही (अणुकेंद्राच्या मापाची एककं). कमाल वस्तुमान आलं सूर्याच्या साधारण २ पट, त्रिज्या ११ किमीच्या आसपास. जे०७४०+६६२० हा पल्सार (फिरता न्यूट्रॉन तारा) सूर्याच्या २.०८ पटीच्या घरात आहे, म्हणजे साधी बॅग थोडी कमीच पडते.

पण खरी मजा घनतेच्या ग्राफमध्ये आहे! न्यूट्रॉन ताऱ्यात घनता कडेला हळूहळू शून्यावर उतरते, इथे मात्र अगदी शेवटच्या स्टेपलाही घन सेंटीमीटरला ४० कोटी टन आणि त्याच्या पुढे एकदम काहीच नाही. लूप लवकर थांबतोय असं वाटून दोन संध्याकाळी शोधत बसलो, पण गणित बरोबर आहे, बॅग मॉडेलमध्ये प्रेशर शून्य झालं तरी ऊर्जेची घनता बॅग कॉन्स्टंटच्या चौपट उरतेच.

गामा किरण स्फोटांशी (अवकाशातून येणारे गामा किरणांचे क्षणिक लखलखाट) याचा संबंध असा की त्यांच्यातला जेट, म्हणजे पदार्थाचा अरुंद झोत, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सुटायचा तर त्यात प्रोटॉन-न्यूट्रॉनचा गाळ फार कमी असायला हवा. न्यूट्रॉन तारा तापला की न्यूट्रिनो त्याच्या पृष्ठभागावरचा माल उडवतात आणि तो जेटमध्ये मिसळतो, क्वार्क ताऱ्याचा पृष्ठभाग स्ट्रॉंग फोर्सने (क्वार्कना एकत्र बांधणाऱ्या बलाने) धरलेला असल्यामुळे तिथून स्वच्छ जेट निघेल अशी कल्पना आहे, आणि मला ती फार देखणी वाटते.

तरी १७ ऑगस्ट २०१७ ला टिपलेली दोन ताऱ्यांची टक्कर काही त्या बाजूची वाटत नाही. गुरुत्वीय लहरींनंतर १.७ सेकंदांनी गामा किरण आले, एनजीसी ४९९३ या दीर्घिकेमधून, आणि सोबत सूर्याच्या काही शतांश वस्तुमानाएवढा न्यूट्रॉनने भरलेला माल बाहेर फेकला गेला, जड मूलद्रव्यं त्यातच बनली. माझ्या मते ते तारे बाहेरून तरी न्यूट्रॉनचेच होते, गाभ्यात क्वार्क असतील तर असतील.

म्हणून पुढचं काम हायब्रिड तारा, आत बॅग, बाहेर न्यूट्रॉन. सांध्यावर घनतेची उडी येते तिथे स्टेप किती बारीक करावी यावर सध्या प्रयोग चाललेत, कोणी केलं असेल तर जरूर सांगा.