बाणांच्या कळा आणि एक वायर

आज राजारामपुरीतल्या एका दुकानात छोटा मेकॅनिकल (प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असलेला) कीबोर्ड निवडण्यात बराच वेळ गेला आणि तो सार्थकी लागला. ६१ कळांचा साठ टक्के मांडणीचा, म्हणजे पूर्ण कीबोर्डच्या सुमारे साठ टक्के कळा असलेला कीबोर्ड देखणा होता. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळमांडणीत शिफ्टसह ५ दाबले की ज्ञ, ६ ला त्र आणि ७ ला क्ष उमटतो, ती आकड्यांची ओळही त्यात होती. परंतु बाणांच्या कळा स्वतंत्र नसल्याने, मजकूर तपासताना एकेका अक्षराने मागे सरकण्यासाठी दर वेळी एफएन (कळांना दुसरे काम देणारी) कळ दाबून धरावी लागली असती. दिवसभर मुद्रितशोधन करणाऱ्याला हे परवडणारे नाही, म्हणून बाण राखणारी पासष्ट टक्के मांडणी पक्की केली. एफ-कळा (एफ१ ते एफ१२) सतत लागणाऱ्यांनी मात्र त्या राखणारा पंचाहत्तर टक्केच घ्यावा.

जोडणीचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ब्लूटूथमुळे लॅपटॉप आणि फोन दोन्ही एकाच कीबोर्डवर चालतात, पण हात काही काळ थांबला की कीबोर्ड झोपी जातो आणि पुन्हा लिहू लागताना पहिले अक्षर कधी कधी गळते. २.४ गिगाहर्ट्‌झचा डोंगल (संगणकात खोचायचा बिनतारी जोडणीचा छोटा तुकडा) अधिक चपळ, मात्र तोही वायरसारखाच यूएसबीचा एक पोर्ट अडवतो. माझे टेबल ठरलेले असल्याने सुटी होणारी टाइप-सी वायर असलेलाच घेतला. त्याला चार्जिंग लागत नाही.