समाजआरतीच्या आधी

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माऊलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढे सोलापूर जिल्ह्यात जाते. त्यातली लोणंद ते फलटण ही वाट यंदा मी ओळखीच्या एका दिंडीबरोबर चाललो. मी साताऱ्याचा ख्रिस्ती, दर रविवारी चर्चच्या मंडळीत उपासनेला बसणारा. देवाजवळ क्षमा मागायची म्हणजे माणसाने नेमके काय करायचे, हा प्रश्न बरेच दिवस मनात घर करून होता आणि तो घेऊनच मी या वाटेला लागलो.

ख्रिस्ती माणसाने वारीत चालावे याचे काहींना नवल वाटले, पण साताऱ्याला ते फारसे परके नसावे. पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा याच जिल्ह्यातल्या आरफळचे. आणि तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणी आलो असे सांगणाऱ्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, आपला ‘देवाचा दरबार’ साताऱ्यातच मांडला. दिंडीत मी अभंग ऐकत चाललो आणि प्रार्थना मात्र माझ्या प्रभूच्या नावानेच केली. दोन्ही गोष्टींना तिथे कोणी हरकत घेतली नाही.

लोणंद सोडल्यावर डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एक आजी माझ्या बरोबरीने चालू लागल्या. मी कोण हे त्यांना विणेकरीबुवांकडून कळले होते. थोडे अंतर गेल्यावर त्यांनी सरळच विचारले, “तुमच्यात पाप कसं फेडत्यात?”

“फेडता येत नाही, आजी,” मी म्हणालो. “ते येशूनं वधस्तंभावर फेडलं, असा आमचा विश्वास आहे. आपण ते पदरी घ्यायचं, मागं फिरायचं आणि त्याच्या कृपेवर भरवसा ठेवायचा.”

“मग एवढं चालताय कशापायी?”

मला चटकन उत्तर सुचले नाही. त्यांनीच वृंदावन सावरत पुढे म्हटले, “आमी तरी कुठं फेडाय निघालोय? माहेराला चाललोय न्हवं!”

त्यांच्या या बोलण्याने मला लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राची वाट आठवली. आपल्या वाट्याची मालमत्ता उडवून, दूरदेशी डुकरे चारण्याची पाळी आल्यावर तो शुद्धीवर येतो आणि बापाला काय सांगायचे ते मनात जुळवतो: मी स्वर्गाविरुद्ध व तुमच्यासमोर पाप केले, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला एखाद्या चाकराप्रमाणे ठेवा. एवढे पाठ करून तो घराकडे निघतो. परंतु तो दूर असतानाच बाप त्याला पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो, आणि मुलाच्या तोंडून पहिली दोन वाक्ये निघतात न निघतात तोच झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. चाकराप्रमाणे ठेवा, हे वाक्य उच्चारायचे राहूनच जाते. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण त्या न बोललेल्या वाक्याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. मुलाची पायपीट हा क्षमेचा मोबदला नाही, कारण मोबदल्याची भाषा बाप कानावरच घेत नाही. पायपीट मात्र खरी आहे, कारण घराकडे तोंड फिरवल्यावाचून त्या बापाची गाठ पडत नाही.

चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण झाले. गर्दीत माझ्या वाट्याला अश्वांच्या टापांचा आवाज आणि उडालेली धूळ तेवढी आली. तिथून तरडगावपर्यंत मी बहुतेक गप्पच चाललो. आमच्या उपासनेत सगळी मंडळी एका सुरात पापांगीकार म्हणते: विचाराने, शब्दाने आणि कृतीने आम्ही पाप केले आहे. ही प्रार्थना मला फार प्रिय आहे, पण सर्वांच्या आवाजात आपले एकेक पाप नाव न घेताच मिसळून जाते. रोमन कॅथलिक बांधव धर्मगुरूंपुढे बसून पापनिवेदन करतात, तेव्हा नाव घ्यावेच लागते. आम्हांला ते थेट देवापुढे घेण्याची मोकळीक आहे, आणि मोकळीक आहे म्हणूनच टाळाटाळही सोपी होते. त्या दुपारी रस्त्याने मी नावे घेतली. ती इथे लिहिण्याची नाहीत. पण त्यातले एक माझ्या थोरल्या भावाशी बांधलेले होते. वडिलांच्या माघारी शेताच्या बांधावरून आमचे बिनसले आणि बोलणे बंद झाले होते. देवाकडे मी क्षमा मागत होतो आणि भावाचा हिशेब मात्र उघडाच ठेवत होतो.

संध्याकाळी तरडगावच्या तळावर समाजआरती पाहिली. पालखीभोवती दिंड्या उभ्या राहिल्या, टाळमृदंगाचा गजर टिपेला पोहोचला, आणि चोपदारांनी हातातला दंड उंच करताच एवढा मोठा समुदाय निःशब्द झाला. एका बाजूला एका दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले. शेजारच्या वारकऱ्याने समजावले की ज्या दिंडीची काही तक्रार असते, ती टाळ थांबवत नाही. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात आणि मगच आरती होते. चोपदार गेले, थोडे बोलणे झाले, टाळ थांबले.

येशूने डोंगरावरच्या प्रवचनात हेच सांगितले आहे: वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. दयाहीन चाकराच्या दाखल्यात तर राजा १०,००० तालांतांचे कर्ज सोडतो आणि तोच चाकर बाहेर पडून सोबत्याची १०० दिनारांसाठी नरडी धरतो. एक दिनार म्हणजे त्या काळची मजुराची दिवसाची मजुरी, आणि एक तालांत सुमारे ६,००० दिनारांचा. या आकड्यांपुढे आमचा बांध मांडून पाहिला आणि मला त्या रात्री तंबूत फार वेळ झोप लागली नाही. देवाची क्षमा आपल्या क्षमेने विकत मिळते, असे मी मानत नाही. ती आधीच दिलेली आहे. परंतु सोबत्याच्या गळ्यावर मूठ आवळलेली असताना दिलेले घ्यायला हात मोकळा कुठून असणार?

फलटणला आजींच्या पाया पडलो, तर त्यांनीही वाकून माझ्या पायांना हात लावला; वारीची रीतच तशी आहे. तिथून एसटीने सरळ घरी न जाता मी भावाच्या गावी उतरलो. रागाच्या भरात मी जे बोललो होतो त्याची त्याच्याकडे क्षमा मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग वहिनींना चहा टाकायला सांगून त्याने बांधाचा विषय स्वतःच काढला. त्याचे म्हणणे मला अजूनही पटलेले नाही, आणि माझे त्यालाही नाही. सरकारी मोजणी मागवायची, फी दोघांनी निम्मी निम्मी भरायची, आणि येणाऱ्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीला एकाच बाकावर बसायचे, एवढे आम्ही ठरवले आहे.