चांगल्या खाद्याचं पोतं

राजापूर तालुक्यातल्या एका वाडीवर लसीकरण उरकून परतत होतो. एक काकी वाटेत आडव्या आल्या. हातातल्या टोपलीत कोंबडीची दोन मेलेली पिल्लं. "डॉक्टर, मानमोडीच आली म्हणायची. आठ दिवसांत सात गेली."

मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग. लस दिलेली नव्हती, त्यामुळे मलाही तोच संशय. पण माना वाकड्या नव्हत्या, घरघर नव्हती. नुसती मरगळ आणि पांढरी पातळ विष्ठा. त्याच खुराड्यातल्या मोठ्या कोंबड्या मात्र टुणटुणीत, अंडी चालू.

अंगणात फणसाखाली गोणपाट पसरून पिल्लू फाडलं. हृदयावर चुन्याचा हात मारावा तशी सफेदी, यकृतावरही तीच. मूत्रपिंडं सुजून फिकी पडलेली. ही सफेदी चुन्याची नसते. मूत्रपिंडं बसली की युरिक आम्ल शरीरात असं साचतं. पाणी कमी पडूनही होतं, काही विषाणूंनीही. पाण्याची भांडी भरलेली होती. मग विचारलं, "खायला काय घालता?"

काकींनी पडवीतलं पोतं कौतुकाने दाखवलं. लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य! "इतकी वर्षं पिल्लांना कणीच टाकली. यंदा अंड्यांचे पैसे आले, म्हटलं त्यांनाही चांगलं खाऊ दे. दोन तऱ्हेची पोती कुठून परवडणार?"

पोत्यात खोट नव्हती. अंड्याच्या एका कवचात 2 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, म्हणून लेअरच्या खाद्यात ते साडेतीन-चार टक्के घालतात. पिल्लाला 1 टक्का पुरे, जादा झालं की त्याची मूत्रपिंडं बसतात. दीड महिन्याची ही पिल्लं पहिल्या आठवड्यापासून तेच खात होती. हे सांगितल्यावर काकी बोलल्या नाहीत. पोत्याचं तोंड सुतळीने बांधत राहिल्या. मेलेलं जनावर फाडणं मला सोपं जातं, हे नाही.

मग पडवीतच हिशोब मांडला. सगळ्यांना एकच मिश्रण, कॅल्शियम तेवढं बाजूला. 10 किलोला 5 किलो मक्याचा भरडा, अडीच किलो तांदळाचा कोंडा, 2 किलो शेंगदाण्याची पेंड, अर्धा किलो सुकट आणि शंभरेक ग्रॅम खनिज मिश्रण. प्रथिनं साधारण 18 टक्के भरतात. सुकट खारी नको, धुऊन वाळवलेली हवी. पेंडीला कुबट वास आला तर फुकट मिळाली तरी घ्यायची नाही, बुरशीचं विष यकृत खातं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत, मोठ्यांना पोचेल अशा उंचीवर. जिला अंडं घालायचंय ती आपसूक खाते.

"शिंपले म्हणजे तिसऱ्यांचे? ते तर आम्ही माडाच्या आळ्यात टाकतो!"

पुढच्या फेरीत कळलं, आणखी दोन पिल्लं गेली, बाकीची तगली. लेअरचं उरलेलं पोतं काकींनी वाया घालवलं नव्हतं. रोज सकाळी पिल्लं डालग्याखाली झाकायची, मग कोंबड्यांपुढे दाणा टाकायचा.