कोणाचें गो तूं?

गोव्यात अनोळखी माणसाला आधी नाव विचारत नाहीत. "कोणाचें गो तूं?" असं विचारतात. मग बापाचं नाव सांगायचं, ते ओळखीचं नसलं तर आजोबांचं, तेही नसलं तर वाडा आणि घराची खूण. पाच मिनिटांत समोरची म्हातारी तुमच्या बापाची मावसबहीण निघते आणि हातात केळं ठेवते. मला हा प्रश्न लहानपणापासून आवडायचा. उत्तर येत असलेला प्रश्न कुणाला आवडत नाही?

विद्यापीठात आल्यावर तो आखूड झाला, एवढंच. ताळगावच्या पठारावर हॉस्टेलमध्ये आम्ही एकमेकांना गावाच्याच नावाने हाक मारतो. मी फोंडें. वर्गातला एक मयेंकार, एक दिवाडकार. आणि एक मुलगी वास्को. तिला "खंयचें तूं?" विचारलं की ती वास्को म्हणते, आणि लोक तिथे थांबत नाहीत. "तें जालें, पूण मूळ खंयचें?" मग ती मंगळवेढा म्हणते, जिल्हा सोलापूर, आणि विचारणाऱ्याचं समाधान होतं. तिचा जन्म वास्कोचा, शाळा वास्कोची, वडील बंदरावर कामाला लागले ते तिच्या जन्माआधी. सरकारी नोकरीला लागतो तो पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला तिच्या फायलीत आहे. "लॅमिनेट करून गळ्यात घालू का?" असं ती एकदा मेसमध्ये म्हणाली होती. त्या दिवशी कुणीतरी पाठीमागून तिला 'घाटी' म्हटलं होतं. ते म्हणणारी मी नव्हते. पण मी हसले होते. ते इथे लिहून टाकते.

या सत्रात आम्हाला एक लहानसं सर्वेक्षण करायचं होतं, तरुणांचं आपलेपण, समाज आणि श्रद्धा यांवर. मी प्रश्नावली केली. 'तुमचा देवावर विश्वास आहे का? होय / नाही / सांगता येत नाही.' वास्कोने ती वाचून विचारलं, "कवा? पेपरच्या दिवशी का इतर दिवशी?" दिवाडकाराने 'तुमचा समाज कोणता' या रकान्यात 'फुटबॉल' लिहिलं. मयेंकाराने सगळीकडे 'सांगता येत नाही'वर खूण केली आणि संध्याकाळी म्हणाला, "हें कागदार बरोवपाचें न्हय. आयतारा एकादस. साखळे मेरेन चलत वचूंया, वाटेर विचार."

म्हणून 6 जुलै 2025 ला, आषाढी एकादशीच्या सकाळी, आम्ही चौघं जुन्या गोव्यात फेरीबोटीच्या वाटेला लागलो. ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही त्यांची आषाढी साखळीजवळच्या विठ्ठलापुरात होते. पंढरीला चंद्रभागेचं वाळवंट आहे, इथे तर नदीचंच नाव वाळवंटी. बार्देश, डिचोली, सत्तरीतून दिंड्या तिथे चालत येतात. आमची वाट मात्र मयेंकाराने काढलेली होती: मांडवी ओलांडून दिवाडी बेट, पुन्हा फेरीने नार्वे, मग मये, डिचोली, कारापूर. वीस-बावीस किलोमीटर. दिंडी म्हणावी तर चार माणसं, टाळांची एक जोडी, तीन छत्र्या.

धक्क्याकडे जाताना व्हाइसरॉय आर्चच्या कमानीखालून जावं लागतं. पलीकडे गेल्यावर वास्कोने मागे वळून वर पाहिलं. नदीच्या बाजूला कोनाड्यात वास्को द गामा उभा आहे. तिने हात जोडले. "आमचा गाववाला," म्हणाली. दिवाडकार इतका हसला की फेरी सुटता सुटता राहिली.

फेरीवर पाऊस आडवा येत होता. दिवाडकाराने तिथेच मला विचारलं, "तुमी घरांत कोंकणी उलयतात, मागीर देवाकडेन मराठी कित्याक?" हा प्रश्न आमच्याकडे भाषणं द्यायला लावतो, आणि भाषणं मला पाठ आहेत. पण समोर नदी होती, भाषण सुचलं नाही. मी घरचं सांगितलं. आजोबा सकाळी मराठी पेपर मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येक बातमीवर कोंकणीतून शिव्या द्यायचे. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात ते फुलाचे, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हावं या बाजूचे. फूल 34,021 मतांनी हरलं, ते त्यांनी मनाला लावून घेतलं. आजीने मात्र दोन पानांवर, म्हणजे गोवा वेगळा राहावा या बाजूला, शिक्का मारला होता. हे ती त्यांचं बारावं झाल्यावर बोलली. तीच आजी रोज संध्याकाळी देवघरात मराठीतून हरिपाठ म्हणते आणि उठताना कोंकणीतून गुडघ्यांना बोल लावते.

"म्हणजे मराठी ही आमची देवाकडे जायची साडी," मी म्हटलं.

"आमची माय मिसाक वतना न्हेसता तशी," दिवाडकार म्हणाला.

"मी तर त्याच्याशी घरच्याच कपड्यात बोलते," वास्को म्हणाली. तिची ती घरचीच भाषा, आणि हे माझ्या ध्यानात तोवर कधी आलंच नव्हतं.

बेटावर रस्ता खाजनांमधून जातो. दोन्ही बाजूंना पाणी, त्यात नुकतीच लावलेली रोपं, बांधावर बगळे. दिवाडकाराच्या घरी च्या प्यायला थांबलो. त्याच्या आईला एकादशी माहीत होती. "उपास मगो तुमचो? केळीं खावंक जाता न्हय?" म्हणत तिने अख्खा घड पुढे ठेवला, वर साबुदाणा भिजवला नाही म्हणून हळहळली. मी दिवाडकाराला विचारलं, तू कधी असा चालला आहेस का? तो म्हणाला, "आम्ही कुठे चालणार?" 3 डिसेंबरच्या फेस्ताआधी, नवेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या दिवसांत, काणकोणातून, कारवारातून, सिंधुदुर्गातून माणसं पायी गोंयच्या सायबाकडे, सेंट फ्रान्सिस झेवियरकडे, जुन्या गोव्याच्या बासिलिकेत येतात. याच्या घरून बासिलिका एका फेरीवर. "लागींच्यांक चलपाक मेळना," म्हणाला. लहानपणी त्याला त्या चालणाऱ्यांचा हेवा वाटायचा. त्या दिवशी तो आमच्याबरोबर का आला होता ते मला तिथे कळलं. आईला त्याने फक्त 'प्रोजेक्ट' सांगितलं होतं.

दुसऱ्या फेरीने नार्व्याला उतरलो. सप्तकोटेश्वर मूळ दिवाडीवरचा. पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं, देव नदीपलीकडे आला, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी आजचं देऊळ बांधायला लावलं. शाळेच्या सहलीत हे सगळ्या गोव्यातल्या मुलांना सांगतात. पण दिवाडकाराच्या तोंडून ते वेगळं लागलं. "हांगाचो न्हय हो देव, आमगेलो. न्हंय हुपून तुमगेर गेलो." गंमत म्हणून म्हणाला. मग दीपस्तंभाशी जरा जास्तच वेळ उभा राहिला.

मला मात्र देवळाच्या पायरीवर आमचं देऊळ आठवलं. त्याचं नाव घेत नाही. गोव्यातली बहुतेक देवळं 1933 च्या माझानी कायद्यावर चालतात. म्हाजनांची, म्हणजे देवळाच्या सभासदांची, नोंद असते, सभा होतात, निवडणुका होतात. आमच्या देवळाच्या वहीत माझ्या भावाचं नाव आहे. तो बंगळूरला असतो, देवळात पाय ठेवून त्याला तीन वर्षं झाली. माझं नाव नाही. "कोणाचें गो तूं?" याचं जे उत्तर मला इतकं छान येतं, त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसते पुरुष आहेत. एवढी वर्षं प्रश्न आवडत होता खरा.

मयेत मयेंकाराची आई वाट पाहत होती, पण त्याने थांबू दिलं नाही. थांबलो तर संध्याकाळ होईल म्हणाला. चालता चालता एवढंच सांगितलं की त्यांच्या घराखालची जमीन त्यांची नव्हती. मुक्तीनंतर पोर्तुगीजधार्जिणा जमीनदार गेला आणि मयेची जमीन सरकारी कस्टोडियनकडे गेली. पिढ्यान्पिढ्या राहिलेली माणसं आपल्याच घरात परवानगीने राहत होती. 2014 साली कायदा झाला, त्यानंतर हळूहळू सनदा मिळू लागल्या. "आमी मुळावे गांवकार," तो म्हणाला, "आनी कागद ना." वास्कोने त्याच्याकडे पाहिलं. "माझ्याकडं कागद हाय," म्हणाली, "गाव न्हाई." मग दोघं टाळाची एकेक वाटी घेऊन कितीतरी वेळ पुढे चालत राहिले. मी मुद्दामच मागे राहिले.

डिचोली ओलांडल्यावर पाय बोलायला लागले. मला वाटलं, आता भजन म्हणू. मी शाळेपासून भजनाच्या पथकात आहे, कला अकादमीच्या स्पर्धेत दोनदा गायले आहे. पेटी, पखवाज, बैठक, रागातला अभंग, मध्ये ताना. गोव्याचं भजन म्हणजे हे, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. मी भीमपलासातला अभंग उचलला. चढ होता. दुसऱ्या ओळीला दम गेला, आलाप अर्ध्यावर तुटला, आणि एक ट्रक चिखल उडवून गेला.

"तुमचं भजन लई गोड हाय," वास्को म्हणाली, "पण ते बसून म्हणायचं हाय. ह्याच्यावर पाय पडत न्हाई." तिने टाळ घेतले आणि नुसता 'ज्ञानोबा-तुकाराम' सुरू केला. ना सूर वर, ना खाली. टाळेवर डावा पाय, पुढच्या टाळेवर उजवा. शंभरेक पावलांत माझं दुखणं कुठे गेलं कळलं नाही. हे तिला कुणी शिकवलं? आजीने. आजी मंगळवेढ्याहून एकादशीला पंढरपूरला चालत जाते, सुट्टीत नात बरोबर असायची. आमच्या वर्गात तीन वर्षं बसलेली ही मुलगी वारकरी घरातली, आणि माझ्या प्रश्नावलीत त्यासाठी रकानाच नव्हता.

मागून बार्देशातली एक दिंडी आली. पताका, पखवाज, डोक्यावर प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या बायका. त्यांच्यातल्या बुवांनी वास्कोचे टाळ ऐकले, मान हलवली आणि आम्हाला मध्ये घेतलं. एका आजोबांनी चौघांच्याही कपाळाला बुक्का लावला. शेवटचे दीड तास आम्ही सगळे माउली होतो. "माउली, सरक." "माउली, उदक जाय?" "माउली, तुज्या खांद्यार छत्री लागता." कुणी कुणाचं हे त्या दीड तासात कुणाला पडलं नव्हतं. अर्थात बायकांच्या रांगेत मला दोनदा मागे सारून पुढे घुसणाऱ्या माउल्यादेखील होत्या.

विठ्ठलापुरात रांग रस्त्यापर्यंत आली होती. वाळवंटी तांबडी होऊन वाहत होती. दिवाडकार आत आला नाही. त्याला कुणी अडवलं नव्हतं. कपाळावर बुक्का, हातात आमच्या चार पिशव्या, त्याला कुणीच काही विचारलं नाही. "म्हाका हांगाच बरें," म्हणून तो चपलांपाशी बसला. वास्को म्हणाली, "आमच्या गावचा चोखोबा पण भायेरच ऱ्हायला. समाधी महाद्वारासमोर हाय त्याची." मी म्हटलं, त्याला बाहेर ठेवलं होतं, हा आपणहून बसला आहे. ती म्हणाली, "व्हय, फरक हाय. पर पाऊस दोघांच्या डोक्यावर सारखाच की."

आणि मग रांगेत व्हायचं ते झालंच. शेजारच्या आजीने वास्कोचा हात धरून विचारलं, "कोणाचें गो तूं?" माझ्या पोटात गोळा आला. वास्कोने शांतपणे माझ्याकडे बोट केलं. "हिच्यासंगं आल्ये." आजी माझ्याकडे वळली. "आनी तूं कोणाचें?" मी बाबांचं नाव सांगितलं. ओळखलं नाही. आजोबांचं सांगितलं. नाही. वाडा, घराची खूण, वडाकडचं देऊळ. आजीने खूप विचार केला, मग म्हणाली, "बरें, लायनीन राव."

प्रश्नावली मी नंतर चाळीस जणांकडून भरून घेतली. गुण बरे मिळाले. त्यात यातलं काही नाही.

त्या रात्री मी हॉस्टेलवर न जाता घरी गेले. आजी जागी होती. गरम पाण्यात माझे पाय सोडले आणि विचारलं, कोण कोण होतं. मी सांगितलं. वास्कोपाशी ती थांबली. "कोणाचें तें?" मी बापाचं नाव घेतलं नाही, मला ते ठाऊकही नव्हतं. तिच्या आजीचं सांगितलं. मंगळवेढ्याहून पंढरपूरला एकादशीला चालत जाते म्हणून.

आमच्या आजीला पंढरपूर झालेलं नाही. आजोबा नेतो नेतो म्हणत गेले, मग गुडघे गेले.

"मंगळवेढ्यासावन पंढरपूर कितलें पयस?"

"आम्ही आज चाललो तेवढंच असेल. पंचविसेक किलोमीटर."

ती बराच वेळ माझ्या टाचेवरचा फोड पाहत राहिली. मग दिवा मालवायला उठली आणि दारातून विचारलं, "तांगेर रावपाक मेळटलें?"