डोळे आहेत की बटणं?

दुपारभर कात्री शोधत होतो. दुपारभर म्हणजे वीस मिनिटं. पण वस्तू सापडत नसली की घड्याळही आपल्या बाजूने राहत नाही. टेबलाचे खण उपसले, पुस्तकांच्या मागे हात घातला, पलंगाखाली वाकून पाहिलं. शेवटी दमून खुर्चीत बसलो, तर कात्री समोरच. कागदांवर आडवी. त्या टेबलावर मी तीनदा पाहून गेलो होतो.

घोळ कळायला आणखी थोडा वेळ लागला. मी लाल मुठींची कात्री शोधत होतो. ती मोडून दोन वर्षं झाली. आताची काळी आहे, रोज वापरतो. हाताला ते ठाऊक होतं, नजरेला कुणी कळवलंच नव्हतं.

लहानपणी कपाटासमोर उभा राहून मी ओरडायचो, "इथे नाहीये!" आई यायची, माझ्या नाकासमोरून वस्तू उचलायची आणि जाता जाता म्हणायची, "डोळे आहेत की बटणं?" तिला सगळं बरोब्बर कसं सापडतं, याचं मला अनेक वर्षं नवल वाटायचं. वस्तू तिथे ठेवलेली तिनेच असायची, हे फार उशिरा सुचलं.

बटणांचं म्हणाल तर ती तशी फार चुकत नव्हती. हात लांब करून अंगठा समोर धरला, तर नखाएवढ्या जागेतलंच आपल्याला खरं स्पष्ट दिसतं, जेमतेम दोन अंश. बाकी सगळा अंदाज. तो भरून काढायला बुबुळं सेकंदाला तीनेक उड्या मारत असतात, आणि उडी चालू असताना मेंदू दिसणं जवळजवळ दाबूनच टाकतो. याच्यावरून माझं आणि ताईचं कडाक्याचं भांडण झालं होतं. आरशासमोर उभं राहून मी एकदा डाव्या डोळ्याकडे बघायचो, एकदा उजव्या. "हलले!" ताई म्हणायची. मला आरशात डोळे हललेले एकदाही दिसले नाहीत. ती खोटारडी, हे मी ठरवून टाकलं. अजूनही दाढी करताना मी हळूच प्रयत्न करतो. नाही दिसत.

पण डोळा हलण्यावरच सगळं असतं तर बरं होतं. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच पाहिलं होतं की अंधारात नजर एका ठिपक्यावर खिळवून ठेवायची, लक्ष मात्र मनातल्या मनात दुसऱ्या कोपऱ्याकडे लावायचं. क्षणभर ठिणगी चमकली की त्या कोपऱ्यातली अक्षरं वाचता येतात. नजर इकडे, लक्ष तिकडे. वर्गात खिडकीशी बसणाऱ्या कुणालाही हे ठिणगीशिवाय जमतं.

उलटही होतं. 2013 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 24 रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसांचे सीटी स्कॅन देऊन त्यातल्या गाठी शोधायला सांगितलं होतं. शेवटच्या स्कॅनमध्ये चक्क एक गोरिला चिकटवलेला होता, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठा. 20 जणांना तो दिसला नाही. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांची नजर थेट त्या जागेवर पडली होती, हे नजर टिपणाऱ्या यंत्राने नोंदवलेलं आहे. माणसं कच्ची नव्हती. कसून काम करत होती, गाठी शोधत होती.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मनसोक्त हसलो होतो. आज कात्री हातात घेऊन बसल्यावर आठवलं, गेल्या वर्षी माझाही छातीचा स्कॅन झाला होता. अहवालात 'नॉर्मल' होतं. तो एक शब्द वाचून मी कागद घडी करून खिशात टाकला आणि निघालो.

त्यांनी काय काय शोधलं होतं, हे विचारायचं सुचलंच नाही.